गोठ्यातला दुसरा अपघात

माझ्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट टोकाला वाकडं आहे. कालवडीला पाण्यावर नेताना दाव्याचा एक वेढा हाताला घेतला होता. ती कशाला तरी बुजली आणि तिच्या उडीचा सगळा हिसका त्या एका बोटावर आला. बोट निखळलं ते क्षणात. ते कायमचं वाकडं झालं मात्र पुढच्या पंधरा दिवसांत, कारण धारा काढायच्या होत्या, शेण भरायचं होतं आणि 'बोटच तर आहे' म्हणत मी त्याला एक दिवसही स्वस्थ ठेवलं नाही.

तेव्हापासून मी गोठ्यातल्या अपघातांची दोन भागांत मोजणी करतो. पहिला अपघात जनावर करतं, नाहीतर यंत्र. दुसरा आपण करतो, घाबरून, घाईनं किंवा कामाच्या ओढीनं. पहिला टाळणं दर वेळी हातात नसतं. दुसरा बहुतेक वेळा असतो, आणि पुष्कळदा जास्त नुकसान तोच करून जातो.

आधी पहिल्याबद्दल. अनोळखी जनावराशी माणूस जपून वागतो. लाथ बसते ती रोज गुमान दूध देणाऱ्या गाईची, ढुशी बसते ती आपणच वाढवलेल्या खोंडाची. याचं अर्धं कारण आपली ढिलाई आणि अर्धं जनावराचे डोळे. गाय, म्हैस, मेंढी, घोडा यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता गाईला साधारण ३३० अंशांतलं दिसतं. दिसत नाही तो शेपटीमागचा पट्टा आणि नाकासमोरची जराशी जागा. एवढ्या रुंद नजरेपायी तिला खोलीचा अंदाज मात्र नीट येत नाही. जमिनीवरची काळी सावली तिला खड्ड्यासारखी वाटू शकते आणि ओल्या फरशीवरची चमक तिला थबकवते. कानांचंही तसंच. माणसाला २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, गाईला ३५ हजारांपर्यंत. आपल्याला शांत वाटणाऱ्या गोठ्यात एखाद्या मोटारीची चिरचिर तिला सतत टोचत असू शकते.

अमेरिकेतल्या पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी एक साधी गोष्ट केली. जनावरं ज्या वाटेत अडून बसत, त्या वाटेत त्या स्वतः शिरल्या आणि जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहू लागल्या. तेव्हा दिसली लोंबणारी साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, उजेडातून एकदम अंधारात जाणारं दार. मालकाला जे 'उगाच बिथरलं' वाटतं, त्याला बहुधा असं काहीतरी कारण असतं. आपल्या गोठ्यात एकदा असं वाकून फिरून बघा. हसणारे हसतील.

लाथेचंही एक गणित आहे. घोडा मागं सरळ झाडतो. गाय-म्हैस पाय पुढं घेऊन बाजूला अर्धवर्तुळात फिरवते. त्यामुळं तिच्या मांडीपासून हातभर अंतरावर उभं राहणं सगळ्यांत वाईट, कारण लाथ पुऱ्या जोरात येते ती नेमकी तिथं. एकतर अंगाला खेटून राहा, म्हणजे पायाला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, नाहीतर चांगलं लांब राहा. जवळ जाताना आधी आवाज द्यावा, खांद्यावर हात ठेवावा, मग तो हात तसाच पाठीवरून मागं न्यावा.

नुकत्याच व्यायलेल्या गाईपाशी ही सगळी ओळख रद्द समजावी. वासराला उचलायचं असेल तर गाय आणि आपण यांच्यामध्ये फाटक, कठडा, निदान एखादी गाडी तरी हवी. वळूबद्दल तर माझं मत ठाम आहे की गरीब वळू नावाची चीज नसते. बाटलीनं दूध पाजून अंगाखांद्यावर खेळवलेला खोंड मोठेपणी उलट जास्त धोक्याचा, कारण तो माणसाला माणूस समजत नाही, बरोबरीचा प्रतिस्पर्धी समजतो. आडवं उभं राहून अंग दाखवणं, मान वाकवणं, खुरानं माती उकरणं हे त्याचे इशारे. ते दिसले की पाठ न दाखवता, नजर त्याच्यावर ठेवून, हळूहळू मागं सरत कुंपण गाठायचं.

आता समजा, घडलंच. माणूस खाली पडलाय. तुम्ही दारात उभे आहात आणि अंगातला कणन् कण 'धाव' म्हणतोय. इथंच थांबायचं असतं. दोनच श्वास, पण तेवढ्यात एक प्रश्न विचारायचा: ह्याला ज्यानं पाडलं ते अजून तिथंच आहे का? वळू सुटा आहे का, ट्रॅक्टरमागचा शाफ्ट, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारा लोखंडी दंड, फिरतोय का, ओल्या जमिनीत वीज उतरली आहे का, टाकीत वायू आहे का? उत्तर 'हो' असेल तर पहिलं काम जखमीचं नसतं. जनावर बाहेर हाकलून फाटक लावा. विजेचा मुख्य खटका पाडा. ट्रॅक्टर बंद करा. यासाठी घरातल्या प्रत्येकाला, अगदी ट्रॅक्टर न चालवणाऱ्यालाही, तो बंद कसा करायचा हे माहीत असायला हवं. चालवणारा शाफ्टमध्ये अडकलाय आणि बाहेर उभ्या माणसाला कोणता दांडा ओढायचा ते ठाऊक नाही, ही वेळ येऊ नये.

शाफ्टचा वेग किती असतो याची कल्पना डोळ्यांनी येत नाही. ट्रॅक्टरमागचा हा शाफ्ट, ज्याला पीटीओ म्हणतात, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टचा घेर वीतभर धरला तरी एका सेकंदात दोन मीटरच्या आसपास कापड तो गुंडाळून घेतो. सदऱ्याची बाही काही एवढी लांब नसते. हात ओढून घेऊ, हा विचार मनात येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कवच तुटलं तर आधी ते बदलून घ्यावं, मग काम.

शेण-मुताच्या खोल, बंदिस्त टाकीबद्दल सावकाश सांगायला हवं, कारण दुसऱ्या अपघाताचं याहून भयंकर उदाहरण मला ठाऊक नाही. साचलेलं शेण कुजताना त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि बुडबुड्यांत अडकून राहतो. टाकी ढवळली किंवा उपसायला घेतली की तो एकदम मोकळा होतो. हवेपेक्षा जड असल्यानं वर उडून जात नाही, खाली साचतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, आणि माणूस त्याच वासाच्या भरवशावर राहतो. पण हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग वायू झाला की नाकच बधिर होतं. वास 'गेला' म्हणून माणूस निश्चिंत होतो. प्रमाण त्याच्या पाच-दहापट झालं की काही श्वासांतच माणूस कोसळतो. मग भाऊ उतरतो, भावाला काढायला मुलगा उतरतो. एकाच टाकीत एकाच घरातली दोन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या जगभरातून येतात त्या अशाच. खाली पडलेला माणूस डोळ्यांसमोर दिसत असताना न उतरणं हे माणसाला जवळजवळ अशक्य असतं, म्हणून हा निर्णय आधीच, शांत डोक्यानं, घरात बसून झालेला असावा: हवेची नळकांडी आणि दोर असलेले बचावाचे लोक येईपर्यंत कुणीही उतरायचं नाही. वरून पंख्यानं किंवा ब्लोअरनं हवा सोडता येते, लोकांना बोलावता येतं. तोंडाला बांधलेला रुमाल या वायूपुढं काही कामाचा नाही. मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, उंच, बंद कोठारातही वेगळा विषारी वायू होतो, तो कोठार भरल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत सगळ्यांत जास्त. तिथंही तोच नियम.

धोका बाजूला झाला की मग जखम. रक्त भळभळत असेल तर स्वच्छ कापडाची घडी थेट जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, शरीराचं वजन टाकून दाबायचं. किती थांबलं ते बघायला सारखं कापड उचलू नये, उचललं की धरू लागलेली गुठळी सुटते. भिजलं तर वरून दुसरं ठेवावं. जखमेत पूड, पाला, तेल काहीही भरू नये. डॉक्टरांना आधी तेच काढत बसावं लागतं. काटा, सळई किंवा फाळ अंगात रुतला असेल तर उपटू नये. तोच आतली फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरत असतो. तो हलू नये असं बाजूनं कापड बांधून तसाच दवाखान्यात न्यावा. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, रुंद पट्टा करकचून आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची. दोरी किंवा तार नको, ती मांसात घुसते. एकदा आवळलेला पट्टा वाटेत कुणाला कळ येते म्हणून सैल करू नये.

चारा कापायच्या कुट्टी यंत्रात बोट तुटलं तर लोक ते घाईघाईत बर्फात टाकतात. हाही दुसरा अपघातच. बर्फ थेट लागला की मांस मरतं आणि जोडण्यासारखं काही उरत नाही. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या भांड्यात ठेवावी. जखमी आणि बोट एकाच गाडीतून जावेत. हे वाक्य विनोदी वाटेल, पण धांदलीत बोट घरीच राहिल्याचं मी ऐकलं आहे.

दिसणारं रक्त निदान सावध तरी करतं. न दिसणारं फसवतं. पाच-सहाशे किलोच्या गाईनं माणसाला भिंतीशी दाबलं, तर अंगावर ओरखडाही नसतो. माणूस उठतो, कपडे झटकतो, 'काही नाही झालं' म्हणतो आणि उरलेल्या धारा काढायला बसतो. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते. ती फाटली तर रक्त पोटातच साचत जातं, कधी तासाभरात, कधी एक-दोन दिवसांनी. पोट टणक लागतं. गंमत म्हणजे दुखणं कधीकधी डाव्या खांद्यात जाणवतं, आणि लोक खांद्याला मलम चोळत बसतात. चेहरा पांढरा पडला, थंड घाम सुटला, श्वास आणि नाडी जलद झाली, तहान तहान होऊ लागली, माणूस उगाच अस्वस्थ किंवा गुंगल्यासारखा वाटला, तर क्षणभरही थांबू नये. झोपवावं, पांघरूण घालावं आणि तहान लागली म्हणाला तरी पाणी देऊ नये, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. चेंगरलेल्या, शिंगावर उडालेल्या किंवा छातीत लाथ बसलेल्या माणसानं बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. माझ्यापुरता तरी मी या नियमाला अपवाद ठेवलेला नाही.

डोक्याला मार असेल तर पुढचे दोन दिवस त्याला एकटं ठेवू नये. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, एका डोळ्यातली बाहुली मोठी दिसणं, तेच तेच विचारणं, जागं करूनही नीट जागं न होणं, यातलं काहीही झालं की दवाखाना. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी यातल्या कशाचीच वाट बघू नये, डोक्याला मार लागला की सरळ निघावं.

आता सुईएवढ्या भोकाबद्दल. लस टोचताना जनावर हललं आणि सुई आपल्याच बोटात गेली, असं न झालेला पशुपालक विरळा. बहुतेक वेळा बोट चोखून माणूस पुढं जातो. पण तेलात बनवलेली लस बोटात गेली तर वरून लाल ठिपका दिसतो आणि आत सूज वाढून बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हायड्रॉलिकच्या नळीतून पिचकारीसारखं तेल त्वचेत घुसलं तरी असंच होतं. दोन्हींत काही तासांत चिरून साफ करावं लागू शकतं, आणि ठिपका लहान दिसतो म्हणून डॉक्टरही फसू शकतात. म्हणून बाटली बरोबर न्यायची आणि आत काय गेलं ते स्पष्ट सांगायचं. गाई-मेंढ्यांच्या फुप्फुसांच्या आजारावर वापरलं जाणारं टिल्मिकोसिन तर माणसाच्या हृदयावर आघात करतं आणि त्यावर उतारा नाही. ज्यांना ते वापरावं लागतं त्यांनी भरलेली सिरिंज खिशात किंवा दातांत धरून जनावरामागं पळू नये. ब्रुसेलोसिसची, म्हणजे गुरांचा गाभ पाडणाऱ्या आजाराची, जिवंत जंतूंची लस टोचली गेली तर माणसालाच तो आजार होऊ शकतो, तेव्हाही डॉक्टरांना लसीचं नाव सांगणं भाग आहे.

धनुर्वाताचे जंतू जनावरांच्या आतड्यात आणि शेणात असतात, मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत वाढतात. थोडक्यात, शेण उचलायच्या दाताळ्यानं पायाला झालेलं भोक ही त्यांची आवडती जागा. आधीचे डोस पूर्ण असतील तरी मळकट जखमेसाठी शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. तारीख आठवत नसेल तर डॉक्टरांना तसंच सांगावं. आणि एक कायम विसरलं जाणारं: गाय लाळ गाळतेय, गिळता येत नाही, विचित्र हंबरतेय म्हणून घशात काही अडकलंय का ते बघायला हात घालतात. तो रेबीज असू शकतो. हात गेलाच असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावा आणि लगेच लशीसाठी जावं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ काहीच करता येत नाही.

या सगळ्याची तयारी फारशी नाही. फोन गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवायचा नाही, खिशात ठेवायचा. कट्ट्यावरचा फोन गाईखाली पडलेल्याच्या काय कामाचा? एकट्यानं वळू किंवा अडलेल्या गाईपाशी जाताना कुणाला तरी 'अर्ध्या तासात आलो नाही तर बघ' एवढं सांगायचं. दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत आपला पत्ता आणि वाटेची खूण लिहून ठेवायची. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घरचा रस्ता सांगता येत नाही, हे ऐकून पटत नाही, पण खरं आहे. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली की एकानं फाटक उघडून रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, दुसऱ्यानं कुत्री बांधायची.

दवाखान्यातून घरी आल्यावर गोष्ट संपली असं सगळे धरून चालतात. इतर कामगार रजा टाकतात. गाईला रजा कळत नाही, दिवसातून दोनदा कास भरतेच. त्यामुळं बरगडी मोडलेला माणूस चौथ्या दिवशी बादली उचलतो. मोडलेल्या बरगडीला साधारण सहा आठवडे लागतात. छाती कापडानं आवळून कामाला लागायची जुनी रीत तर उलटीच पडते. श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा खालचा भाग फुगत नाही आणि न्यूमोनिया गाठतो. वेदनेची गोळी घेऊन रोज मुद्दाम खोल श्वास घेणं हाच त्यावर उपाय. डोक्याला मार लागलेल्याचे प्रतिसाद काही आठवडे मंद असू शकतात, आणि मंद प्रतिसादानं ट्रॅक्टर चालवणं किंवा वळू हाताळणं म्हणजे पुन्हा त्याच दारात जाऊन उभं राहणं. म्हणून आपल्या जनावरांच्या धारा, औषधं, कोण कशाला बुजते ही माहिती एका वहीत असावी आणि शेजारच्या एखाद्या पशुपालकाशी आधीच बोलून ठेवावं: तुझी वेळ आली तर मी, माझी आली तर तू. हे बोलणं हातपाय धड असताना करायचं असतं.

ज्या जनावरानं मारलं त्याचं काय करायचं, हा प्रश्न घरात वाद लावतो. वासरासाठी धावून आलेली गाय पुढच्या वेतापर्यंत माफ करता येते, फक्त त्या दिवसांत अंतर राखायचं. दुखतंय म्हणून लाथ मारणारी गाय आधी तपासावी, कासदाह, म्हणजे कासेची सूज, निघतो, सडाला चीर निघते. पण कारण नसताना माणसावर चाल करून आलेला वळू ठेवू नये, मग त्याची पैदास कितीही चांगली असो. एकदा माणूस पाडता येतो हे त्याला कळलेलं असतं.

राहिली भीती. चांगला गडी, वीस वर्षं जनावरांत गेलेली, आणि लाथेनंतर गोठ्याच्या दारात त्याचे हात कापतात. तो कुणाला सांगत नाही. लोक 'गाईला काय घाबरतोस' म्हणतील याची लाज वाटते. शरीर आपलं काम करत असतं, धोक्याची जागा त्यानं नोंदवून ठेवलेली असते. ही भीती गाईलाही पोचते, कारण घाबरलेला माणूस झटके देत हलतो. ज्याच्या हातून ट्रॅक्टर मागं गेला आणि दुसरा जखमी झाला, त्याची तर रात्रीची झोपच जाते, आणि सगळ्यांचं लक्ष जखमीकडे असल्यानं त्याला कुणी विचारतही नाही. महिनाभरानंतरही तेच दृश्य डोळ्यांसमोर येत असेल, झोप लागत नसेल, तर मनाच्या डॉक्टरांना दाखवावं, जसं मोडलेलं हाड दाखवतो तसं. परत सुरुवात करताना सगळ्यांत शांत गाय निवडावी आणि दिवसाउजेडी तिच्या खांद्यापाशी नुसतं उभं राहावं. पहिल्या दिवशी धार काढायचीच असं नाही. शेजारी दुसरं कुणीतरी असू द्यावं, पलीकडं गव्हाणीत चारा टाकत. काही बोललं नाही तरी चालतं.